सुटलेले काम व मिळालेले काम

गेल्या वर्षी वसईच्या आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक शिकवीत असता एका विद्यार्थिनीने आम्हांस एक साधा प्रश्न विचारला, व त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. नाटक वाचून संपले होते. शोकांतिकेची लक्षणे, चाळीतील एका खोलीने घेतलेले रंगभूमीचे रूप, बोलीचा जिवंतपणा इत्यादी विषयांवर आम्ही नित्याच्या सराईतपणाने बोलत होतो. इतक्यात मागल्या बाकावरून ती म्हणाली, "पण सर, पुढे या लोकांना कामं कुठं मिळाली?"

वर्गात थोडा हशा झाला. पडदा पडल्यावर पात्रांचे काय झाले हे विचारणे म्हणजे समीक्षाशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध अडाणीपणा. लेडी मॅक्बेथला मुले किती, असा थट्टेचा मथळा देऊन एल. सी. नाइट्स या इंग्रज टीकाकाराने १९३३ सालीच असल्या पृच्छांची वासलात लावली आहे, आणि आम्ही आमच्या विद्यार्थिदशेत तो निबंध मोठ्या भक्तिभावाने वाचलेला. तेव्हा त्याच्याच आधाराने आम्ही वेळ मारून नेली. तास संपल्यावर मात्र ती मुलगी दाराशी थांबली. तिचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते; संपानंतर ते कुटुंब नालासोपाऱ्यास आले. "गिरणीचं सगळे सांगतात, सर. आणि शेवटी शेवटी स्टेशनजवळ त्यांचा भाजीचा गाळा होता, तो मी पाहिलाय. मधलं कोणी सांगत नाही. मला वाटलं, पुस्तकात असेल."

पुस्तकात असेल! मराठी वाङ्मयावर इतका विश्वास टाकणारे कोणी आम्हांस पुष्कळ दिवसांत भेटले नव्हते. ते 'मधले' आपल्या पुस्तकांत आहे काय, आणि नसल्यास ते का नाही, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. कारण आज कॉलेजात असलेल्या पिढीस ती शिवकालाइतकीच दूरची झाली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतन व बोनस यांबरोबरच बदली कामगारांना कायम करावे, आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा काढून टाकावा, अशा मागण्या होत्या. पहिल्या वर्षअखेरीसच संपाची शक्ती ओसरू लागली. १९८३ साली सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार आपल्या हाती घेतला. काही गिरण्या कमी माणसांवर पुन्हा चालू झाल्या, काही चालू होऊन बंद पडल्या, काहींचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. आणि सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, तो संप विधिपूर्वक मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहो.

वसई-विरारचा या हकीकतीशी संबंध रेल्वेच्या रुळांनी जोडलेला आहे. लोअर परळला गाडीत चढावे आणि नालासोपाऱ्यास उतरावे, इतका तो सरळ होता. गिरणगावातील खोली विकून वा भाऊबंदांत तिची वाटणी करून जे पैसे हाती येत, त्यांत या बाजूस दोन खोल्या मिळत. केळीच्या बागा, पानवेली, मिठागरे आणि भातखाचरे यांच्या या प्रदेशात सिमेंटच्या चार मजली इमारती उगवू लागल्या, आणि त्यांच्या जिन्यांवर कोकणातील व घाटावरील गावांची नावे ऐकू येऊ लागली. मूळच्या वसईकरांनी या लोंढ्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि आमचा हिरवा प्रदेश गेला ही त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु लोंढ्यातील माणसास आपले काय गेले व काय मिळाले, हे त्या लिखाणात येत नाही. आणि यावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे.

आता वाङ्मयाकडे वळण्यापूर्वी भाषेकडे पाहू. कारण आमच्या मते अडचणीचे मूळ तेथेच आहे. इंग्रजीत माणूस नोकरी 'शोधून काढतो'. मराठीत नोकरी 'लागते'. ठेच लागावी, पाऊस लागावा, सोडत लागावी, तशी ती लागते. ज्याला ती आपण होऊन लागत नाही, त्याला दुसरा कोणी तरी 'लावून देतो' किंवा 'चिकटवतो'. आणि जाताना ती 'सुटते' किंवा 'जाते'. या सर्व प्रयोगांत ज्याचे पोट त्या नोकरीवर अवलंबून आहे तो मनुष्य वाक्याचा कर्ता म्हणून कोठेच येत नाही. घरातला कर्ता पुरुष व्याकरणात मात्र कर्ता नसतो! हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे वाचकांनी समजू नये. मुंबईच्या गिरणीत ही भाषा अक्षरशः खरी होती. तेथे काम मिळत असे ते जॉबरकडून. जॉबर गावचा, नात्यातला किंवा ओळखीचा असे. तो आपल्या माणसांना आणी, दस्तुरी घेई, कामावर ठेवी व काढीही. नवा माणूस प्रथम बदली म्हणून सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही आणि आत किती जण गैरहजर आहेत यावर त्याचा दिवस ठरे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदल्यांचे नियंत्रण करणारी पद्धत सुरू केली, पुढे जॉबरचे अधिकारही कमी झाले. परंतु आपल्या माणसाच्या मागे उभे राहून काम मिळवावयाचे ही रीत काही गेली नाही. ज्या खोलीत गावची पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत तिला 'गाळा' म्हणत. गावचा गाळा, खानावळ आणि खात्यातला जॉबर या तीन टेकूंवर त्याची नोकरी उभी असे. अर्ज, मुलाखत, शिफारसपत्र हे आम्हां पांढरपेशांचे सोपस्कार त्याला ठाऊक नव्हते, व त्यांची गरजही नव्हती. (वसई पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या बाजूंस लहान कारखान्याच्या खोलीला 'गाळा' म्हणतात. कित्येकांचा प्रवास या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये झालेला आहे.)

अशा माणसाचे काम सुटल्यावर त्याने दुसरे कसे मिळविले, हा विषय कादंबरीकाराला मोह पाडील असा आहे. आता कोणी काय केले ते पाहू.

मामा वरेरकरांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. 'सोन्याचा कळस' हे नाटक व 'धावता धोटा' ही कादंबरी यांतून त्यांनी १९३० नंतरच्या काळात गिरणीकामगारास मध्यमवर्गीय वाचकाच्या दिवाणखान्यात आणून बसविले. हे धाडस लहान नव्हते. परंतु त्यांचा प्रश्न मालक व मजूर यांच्या नात्याचा आहे. काम गेलेल्या एकट्या माणसाचा नाही. नारायण सुर्वे यांच्या आयुष्यात मात्र हा विषय काठोकाठ भरलेला होता. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढविलेला हा अनाथ मुलगा, पालक निवृत्त होऊन कोकणात परतल्यावर दहा रुपयांनिशी मुंबईत मागे राहिला. घरकाम, हॉटेल, गिरणी, मग शाळेत शिपाई आणि शेवटी शिक्षक, अशी कामे करीत गेला. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) यांतील कवितेस या भ्रमंतीचे बळ आहे. तथापि कवितेला एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जातानाचा मधला रस्ता दाखविण्याचे बंधन नसते. ती मुक्कामांवरून बोलते. सुर्व्यांच्या कवितेतील माणूस काम करीत असतो किंवा लढत असतो. चौकशी करीत हिंडत असलेला तो क्वचित दिसतो.

या सर्वांत एकच कथा आम्हांस अशी आढळली की जिच्यात सुटलेले काम व मिळालेले काम या दोहोंचे पुरते अंतर मोजलेले आहे. ती अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. तिचा नायक भीमा वारणाकाठचा. मुंबईत काम न मिळाल्यामुळे उपनगरात, जंगलाच्या कडेला असलेल्या दगडाच्या खाणीत लागलेला. खाण बंद पडते. चिंतेने परतत असता त्याला चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते, आणि तेथून त्याचा नवा धंदा सुरू होतो: राख चाळावयाची, पुढे प्रेतेही उकरावयाची, आणि मिळेल ते सोने विकून मुलाबाळांना पोसावयाचे. ही कथा आम्ही पूर्वी भयानक रसाचा नमुना म्हणून वाचीत व शिकवीत होतो. तो आमचा प्रमाद होता. या खेपेस ती पुन्हा वाचताना लक्षात आले की अण्णा भाऊंनी भयाला नव्हे, हिशेबाला प्राधान्य दिले आहे. खाणीतील मजुरी किती, राखेतील कमाई किती. या धंद्याची वेळ कोणती, हत्यार कोणते, माल कोठे विकावयाचा, पत्नीचे आक्षेप काय व नवऱ्यापाशी त्यांना उत्तर काय, हे सारे तेथे आहे. भीमा वेडा झालेला नाही की राक्षसही झालेला नाही. अंगात बळ असलेला एक माणूस ते बळ कोठे खपेल याचा विचार करतो, आणि जिवंतांच्या जगात त्याला गिऱ्हाईक नाही असे पाहून मेलेल्यांकडे वळतो.

या कथेच्या शेवटावर योगायोगाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रेताच्या जबड्यात अडकून भीमाची बोटे जातात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आम्हीही एकेकाळी या शेवटावर लाल शाईने 'नाटकी' असा शेरा मारला होता. आज तो शेरा आम्ही मागे घेतो. कारण काम सुटण्याचे दोन प्रकार आहेत, आणि कायद्यालाही ते ठाऊक होते: १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात तात्पुरते घरी बसविलेल्यास अर्ध्या पगाराची भरपाई, आणि कायमचे कमी केलेल्यास प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, असा भेद केलेला होता. कागदावर हा भेद स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात आपण यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो हेच माणसास कळत नाही. दार बंद झाले आहे की नुसते लोटले आहे? ते उद्या उघडणार असेल तर आज दुसरीकडे जाणे ही चूक ठरेल. उघडणार नसेल तर आज थांबणे ही. भीमा थांबला नाही, म्हणून त्याचे हात गेले. मुंबईचे हजारो थांबले, म्हणून त्यांची वर्षे गेली.

आणि येथेच 'अधांतर'चे मोठेपण आमच्या ध्यानात आले. हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. म्हणजे संपास पंधरा वर्षे उलटली होती, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत डॉ. सामंत यांचा खून झाला होता. तरी नाटकातील घर अजून संपाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळीच उभे आहे. आई संसार ओढते आहे. मुलांपैकी एक लेखक होऊ पाहतो, एक टोळीच्या वाटेला लागतो. बोलणे पुष्कळ, आणि खोलीबाहेर पडण्याची वाट कोणालाच नाही. पवारांनी शीर्षकासाठी निवडलेला शब्द हा अलंकार नसून निदान आहे. जो संप मागे घेतलाच गेला नाही त्याच्या अखेरीची तारीख नसते. जेथे अखेरीची तारीख नाही तेथे 'आता काम गेले' असा क्षण नाही. आणि तो क्षण नसेल तर दुसरे काम शोधण्याचा आरंभही कोठून व्हावा? आपल्या कादंबरीकारांना हा विषय सुचला नाही तो केवळ त्यांच्या आळसामुळे नव्हे. गोष्टीला जे पहिले वाक्य लागते ते वास्तवानेच दिले नव्हते.

तरीसुद्धा पुढे माणसांचे पाय जमिनीला लागले. अधांतरी कोणी पंधरा वर्षे जेवत नाही. आणि हे जमिनीला लागणे आमच्या वाङ्मयात नाही, ही आमची तक्रार कायम राहते. पवारांनी स्वतः पुढे कथेत या जगाचा पाठपुरावा केला. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहास २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२१ साली ते गेले. त्यांच्याइतक्या जवळून हे जग पाहिलेला दुसरा लेखक चटकन डोळ्यांपुढे येत नाही.

इंग्रजांनी हे कसे केले, याची आठवण येथे दिल्यावाचून राहवत नाही. आमचे शिक्षणच तसले. वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही कादंबरी १९३३ सालची, लँकेशरातील सॅल्फर्ड या गावची. लँकेशर म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा जुना सवतीमत्सर. तेथील बेकार कापड कामगारांना भेटावयास १९३१ साली गांधीजी स्वतः गेले होते. ग्रीनवुड आपल्या नायकास, हॅरी हार्डकॅसल यास, कारखान्यातून काढून थांबत नाही. तो त्यास रांगेत उभा करतो, भत्ता बंद करवितो, दारोदार फिरवितो. आणि कादंबरीच्या अखेरीस त्याला व त्याच्या बापाला बस कंपनीत नोकरी मिळवूनही देतो. मात्र ती मिळते कशी? हॅरीची बहीण सॅली गावातील एका धनाढ्य जुगारवाल्याच्या आश्रयास जाते, आणि त्याच्या शब्दाने दोघांना काम लागते. कादंबरी ढोबळ आहे, संवाद पुष्कळ ठिकाणी व्याख्यानासारखे आहेत. परंतु मिळालेल्या कामाची किंमत कोणी भरली हे तिने लपविले नाही. सुटलेले काम पुरुषाचे, आणि दुसरे मिळेपर्यंतचा खर्च बाईचा, हा हिशेब गिरणगावातही निराळा नव्हता. खानावळी चालविणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले ते संपाच्याही आधी. संपानंतर पोळ्या लाटणाऱ्या, पापड करणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या हातांवर किती घरे उभी राहिली, याची कादंबरी कोणी लिहिली आहे?

आता एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आम्हांस संकोच होतो. आम्ही अध्यापनास आरंभ केला त्या १९९० नंतरच्या दशकात, आम्ही ज्या महाविद्यालयात होतो त्याच्या फाटकावर एक पहारेकरी होते. सर्व त्यांना मामा म्हणत. ते मोठ्याने बोलत, आणि हाक मारल्यास पुष्कळदा वळत नसत. त्यामुळे नव्या प्राध्यापकांस ते उर्मट वाटत. मुलांना मात्र त्यांचा वेगळाच धाक होता. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून कुजबुजलेले मामांना कळते, अशी त्यांची ख्याती होती. एकदा पावसामुळे आम्ही फाटकाच्या चौकीत अडकून पडलो, तेव्हा याचे रहस्य कळले. मामा वीस वर्षे साचेखात्यात होते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, आणि त्याच खडखडाटात ओठ पाहून बोलणे ओळखण्याची कला त्यांना अवगत झाली होती. लँकेशरातील विणकरही असेच ओठांनी बोलत, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पुस्तकातले एवढे माणूस रोज आम्हांस नमस्कार करीत होते हे ठाऊक नव्हते.

त्यांना ही नोकरी कशी लागली, हे त्या दिवशी त्यांनीच सांगितले. संपानंतर दोन वर्षे ते गिरणी सुरू होण्याची वाट पाहत राहिले. मग काही दिवस भिवंडीला मागावर गेले. कामण-चिंचोटीच्या रस्त्याने जावयाचे, बारा तास उभे राहावयाचे, आणि गिरणीच्या मानाने पगार इतका थोडा की तो सांगतानाही ते हसले. "तेच काम, सर. तोच धोटा. पण गिरणीत मी साचेवाला होतो, तिथं नुसता माणूस होतो." शेवटी गावचा एक मनुष्य पहारेकरी पुरविणाऱ्या एका ठेकेदाराकडे होता, त्याने यांस नेले, आणि दाराशीच बजावले की गिरणीत होतो हे मुळीच बोलावयाचे नाही. संपवाला म्हटला की कोणी ठेवीत नाही. तेव्हा आजवर काय करीत होता, या प्रश्नास मामांनी 'गावी शेती' असे उत्तर दिले. ज्या वीस वर्षांचा त्यांना अभिमान होता ती पुसून टाकण्याच्या अटीवर त्यांना नवे काम मिळाले. ऐकू येत नाही हेही अर्थातच सांगितले नाही. विचारणाऱ्याच्या ओठांकडे पाहून ते उत्तरे देत राहिले.

त्या मुलीचे 'मधले कोणी सांगत नाही' हे शब्द ऐकताना आम्हांस मामा आठवले ते यामुळे. हे मौन दुःखाचे आहे असे आपण समजतो. ते तेवढेच नाही. ते नोकरीचे मौन आहे. बाहेर काम मिळण्यासाठी जे बोलावयाचे नाही असे ठरले, ते घरातही न बोलण्याची सवय लागली, आणि मुलांपर्यंत पोचलेच नाही.

पाऊस थांबल्यावर आम्ही वर्गावर गेलो आणि त्या दिवशी आम्हांस आठवते त्याप्रमाणे ॲरिस्टॉटलचे कॅथार्सिस शिकविले. मामांवर आम्ही चार ओळीही लिहिल्या नाहीत, कोणा लेखक-मित्रास त्यांच्याकडे पाठविले नाही. का? खरे सांगावयाचे तर त्यात आम्हांस वाङ्मयाचा विषय दिसला नाही. लाठीमारात पडलेला कामगार आम्हांस दिसला असता, उपासमारीने मेलेला दिसला असता. टोळीत जाऊन गोळी खाणारा त्याचा मुलगा तर रंगमंचावर व पडद्यावर दिसलाच. लढणारा नायक आणि मरणारा नायक हे दोन्ही टीकाकाराच्या परिचयाचे. परंतु अर्ध्या पगारावर, ओळखीने, खोटे बोलून दुसरे काम धरणारा मनुष्य ना वीर ना हुतात्मा. क्रांतीच्या पक्षपात्यास तो शरण गेलेला वाटतो; कलेच्या पक्षपात्यास त्याच्यात उंची नाही असे वाटते. आणि मध्यमवर्गीय वाचकास तो गैरसोयीचा असतो, कारण तो लांब गिरणगावात नसून त्याच्याच इमारतीच्या फाटकावर बसलेला असतो. रुची म्हणून जी आम्ही मोठ्या डौलाने मिरवितो तिच्यात असल्या सोयी पुष्कळ दडलेल्या आहेत.

सरकारचेही एक कथानक होते, त्याचा उल्लेख गमतीखातर करतो. १९८६ साली केंद्र सरकारने कापड कामगारांच्या पुनर्वसनाची जी योजना काढली तिच्यात कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतील कामगारास पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य द्यावयाचे होते. तीन अंकांत नायकाचे पुनर्वसन व्हावे, अशी ही रचना! चौथ्या वर्षी तो नवा माणूस झालेला असेल, हे गृहीत. आणि ज्याची गिरणी चालू झाली पण ज्याला आत घेतले नाही, तो या नाटकात पात्रच नव्हता.

कादंबरीकारांनी जे सोडले ते गोळा करण्याचे काम अखेर अभ्यासकांनी केले, हे नमूद केले पाहिजे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास इंग्रजीत २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात कामगार, त्यांच्या बायका, शाहीर, कार्यकर्ते आपापल्या तोंडाने बोलतात. वाङ्मय म्हणून ते लिहिलेले नाही, आणि तरी कित्येक कादंबऱ्यांपेक्षा अधिक माणसे त्यात श्वास घेताना दिसतात. त्या मुलीस आम्ही ते वाचावयास दिले. महिन्याने तिने ते परत आणले, आणि त्यात एक वहीचे पान घडी करून ठेवलेले होते. पुस्तक वाचून तिने आजीस विचारावयास सुरुवात केली होती. आजीने प्रथम टाळले, मग एके दुपारी तांदूळ निवडताना सांगितले. तिने ते जसेच्या तसे उतरविले होते, आणि तिच्या परवानगीने येथे देतो.

संप. एक वर्ष गावी, भात. परत मुंबई. दादरच्या बाजारात पहाटे गोण्या उचलणे. भिवंडी, माग, चार महिने. वसई पूर्वेस प्लास्टिकचा गाळा, बालद्यांच्या कड्या बसविणे. बोट कापले, सोडले. विरारला बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहिणे. हे बरे होते, इमारत पूर्ण झाली. आजीची पोळीभाजी, आजोबा डबे पोचवीत. मग भाजी, आधी टोपली, नंतर हातगाडी, नंतर गाळा.

पानाच्या कडेला पेन्सिलीने तिने एक खूण करून ठेवली होती. मुंबईस परतल्यानंतरचे एक सबंध वर्ष कशातच बसत नव्हते. आजी इतकेच म्हणाली की त्या वर्षी ते रोज सकाळी सातच्या गाडीने जात आणि संध्याकाळी परत येत. कोठे जात, हे तिने कधी विचारले नाही.